वादळात तुटलेली तार, लागलेला शॉक आणि वीज कंपनीची जबाबदारी: पहिल्या तासापासून कोर्टापर्यंत

वादळाच्या दुसऱ्या दिवशी वीज कंपनीच्या कार्यालयात गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "नैसर्गिक आपत्ती आहे हो, त्याला आम्ही तरी काय करणार?" घरातलं माणूस गेलेलं किंवा भाजून दवाखान्यात पडलेलं असतं, त्यात हे ऐकून बहुतेक लोक मान खाली घालून परत येतात. मी गेली काही वर्षं विधी स्वयंसेवक म्हणून अशा घरांबरोबर फिरतो आहे. ज्यांना यातलं काहीच ठाऊक नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. तार का पडली, हा एक प्रश्न आहे. पडलेल्या तारेत करंट का होता, हा दुसरा. वारा कंपनीच्या हातात नसतो, पण तारेतला करंट कंपनीच्याच हातात असतो. तुमचं सगळं प्रकरण या दुसऱ्या प्रश्नावर उभं करायचं आहे, आणि त्याचे बहुतेक पुरावे पहिल्या दोन दिवसांत नाहीसे होतात.

पहिला तास

आधी जीव. खाली पडलेली तार मेलेली आहे असं कधीही धरून चालू नका. ठिणग्या नसल्या, गावात सगळीकडे अंधार असला तरीही. किमान दहा मीटर लांब राहा. तुम्ही आधीच जवळ असाल तर पळू नका, लांब ढांगा टाकू नका. ओल्या जमिनीतूनही करंट पसरतो आणि दोन पावलांमधलं अंतर जितकं जास्त तितका धक्का मोठा. पाय जुळवून, जमिनीला घासत, छोट्या पावलांनी मागे या. अडकलेल्या माणसाला काठीने सोडवायला जाऊन मागोमाग दुसरा बळी जातो. उच्चदाबाच्या तारेपुढे कोरडा बांबूही भरवशाचा नाही, आणि वादळात कोरडा बांबू मिळणार कुठे?

वीज तक्रारींच्या 1912 या नंबरवर फोन करा, वीज उपकेंद्राचा किंवा लाइनमनचा नंबर असेल तर तिथेही करा आणि फीडर, म्हणजे उपकेंद्रातून तुमच्या भागाला वीज पुरवणारी वाहिनी, बंद करायला सांगा. तक्रार क्रमांक मागून घ्या. फोनमधली कॉलची वेळ पुसू नका, तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. पुरवठा बंद झाल्याची खात्री झाली की माणसाला बाजूला घ्या, श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि दवाखाना गाठा. माणूस उठून बोलायला लागला तरी न्या. शॉकनंतर हृदयाचे ठोके काही तासांनीही बिघडू शकतात, आणि वरून छोटी दिसणारी जखम आतल्या स्नायूंना जाळून गेलेली असते. लघवी चहासारखी गडद झाली तर डॉक्टरांना लगेच सांगा, मूत्रपिंडावर ताण आल्याची ती खूण आहे.

एक जण दवाखान्यात, तर दुसऱ्याने जागेवर थांबायचं. नातेवाइकांमधला जरा शांत डोक्याचा कोणीतरी निवडा. त्याचं काम एकच: तार जागेवर असेपर्यंत लांबून फोटो आणि व्हिडिओ काढणं.

केसपेपरवरचा एक शब्द

इथे थोडं थांबतो, कारण सर्वात जास्त प्रकरणं मी इथे बिघडलेली पाहिली आहेत.

मराठीत आभाळातली वीजही वीजच आणि तारेतली वीजही वीजच. वादळी पावसात माणूस दवाखान्यात येतो, कोणीतरी घाईत सांगतं "वीज लागली", आणि केसपेपरवर तेवढंच उतरतं. पोलीस पुढे त्यावरून लिहितात. कागद तीन टेबलं फिरेपर्यंत "वीज लागून"चं "वीज पडून" होतं, आणि मग मृत्यू आभाळातल्या विजेने झालेला ठरतो. त्यात कंपनीचा काही संबंधच उरत नाही.

म्हणून केसपेपरवर, पोलिसांच्या जबाबात, शवविच्छेदनासाठी दिलेल्या माहितीत, सगळीकडे हेच वाक्य लिहून घ्या: "वीजवाहिनीच्या तुटून पडलेल्या तारेतील विद्युत प्रवाहाचा धक्का लागून." सोबत जागा आणि वेळ. ही वैद्यकीय-कायदेशीर नोंद, म्हणजे एमएलसी, झालीच पाहिजे. शवविच्छेदन टाळायचा आग्रह नातेवाईक धरतात. ते दुःख मला कळतं, पण करंट शरीरात कुठून शिरला आणि कुठून बाहेर पडला, हे त्या अहवालातच येतं.

याला एक मोहही जोडलेला असतो. नैसर्गिक आपत्तीतल्या मृत्यूसाठी राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार 4 लाख रुपये मिळतात, आणि आभाळातली वीज पडून झालेला मृत्यू महाराष्ट्रात त्यात बसतो. "वीज पडली असंच लिहा, पैसे लवकर मिळतील" असं सांगणारे भले लोक गावात असतात. त्यांचं ऐकू नका. खोटं कारण लिहिणं चूक आहेच, शिवाय त्या एका ओळीने तुम्ही कंपनीला मोकळं सोडता. तहसील कार्यालयात अर्ज जरूर द्या, पण खऱ्या कारणासह. निर्णय त्यांना घेऊ द्या.

पंचनामा: तार परत चढण्याआधी

वादळानंतर लाइनमन रात्रंदिवस राबतात. पुरवठा सुरू करणं हे त्यांचं काम आहे आणि तुटलेली तार ते काही तासांत पुन्हा ओढतात. यात कट शोधू नका. पण तार वर गेली की पुरावाही वर गेला, हे लक्षात ठेवा. पोलीस ठाण्यात लगेच खबर द्या, मृत्यू असेल तर अकस्मात मृत्यूची नोंद होतेच, आणि तार तशीच असताना पंचनामा करायची लेखी विनंती करा.

एका गावात मी सकाळी सात वाजता पोहोचलो तेव्हा तार केव्हाच वर चढली होती. पण बांधाच्या कडेने ओल्या हिरव्या गवतात वीतभर रुंदीचा एक काळा पट्टा होता, सरळ रेषेत, आठ-नऊ पावलं लांब. त्याच्या टोकाला एक हवाई चप्पल, पट्टा वितळून तळव्याला चिकटलेला. चप्पल कोणी हलवली नव्हती. आम्ही शेजारी मोजपट्टी ठेवून, मागे खांबाचा क्रमांक दिसेल असे फोटो काढले. तार जमिनीवर बराच वेळ जिवंत पडून होती, हे सांगायला त्या पट्ट्याइतका बोलका साक्षीदार नव्हता. पुढच्या पावसात तो नाहीसा झाला.

फोटोत काय यायला हवं? तारेचं तुटलेलं टोक: तुटून ताणलेलं आहे की वितळून गोळा झालेलं. त्या तारेला आधीचे किती सांधे आहेत, कारण प्रत्येक सांधा म्हणजे ती पूर्वीही तुटली होती. खांबाचा गंजलेला बुंधा, ढिला ताण, फुटलेला इन्सुलेटर. झाडाची फांदी पडली असेल तर ती फांदी आणि ते झाड तारेपासून किती लांब आहे. तार रस्ता ओलांडत असेल तर तिच्याखाली गार्डिंग, म्हणजे संरक्षक जाळी, आहे की नाही. जवळच्या डीपीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज, लांबूनच. फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळलेली दिसली तर तो फोटो सोन्यासारखा जपा.

आणि शेजाऱ्यांना विचारा, ही तार लोंबते आहे असं आधी कोणी कळवलं होतं का? 1912 चा तक्रार क्रमांक, ग्रामपंचायतीचं पत्र, लाइनमनला पाठवलेला व्हॉट्सॲपवरचा फोटो, काहीही चालेल. आधीची एक तक्रार हाती लागली की "अचानक घडलं" हा बचाव पांगळा होतो.

तुटलेल्या तारेत करंट राहतो कसा

हे समजून घ्या, वकिलालाही समजावून द्या. तार तुटून चांगल्या जमिनीवर पडली तर मोठा प्रवाह जमिनीत जातो, उपकेंद्रातला रिले, म्हणजे बिघाड ओळखणारं उपकरण, तो ओळखतो आणि फीडर आपोआप बंद होतो. पण तार कोरड्या मुरमावर, डांबरावर किंवा झाडावर पडली तर जमिनीत जाणारा प्रवाह इतका कमी असतो की रिलेला तो नेहमीच्या वापरासारखाच वाटतो. फीडर चालू राहतो. रस्त्यावरच्या तारेखाली जमिनीशी जोडलेली जाळी हवी ती यासाठीच: तार तिच्यावर पडते, प्रवाह पुरेसा वाढतो आणि पुरवठा तुटतो. डीपीच्या पुढच्या घरगुती वाहिनीवर हेच काम फ्यूजने करायचं असतं.

याहून गंभीर प्रकार म्हणजे फीडर एकदा बंद पडल्यावर, लाइन न तपासता, तो पुन्हा चालू करून पाहणं. वादळात फीडर वारंवार पडतात, लोकांचे फोन येत असतात आणि ऑपरेटर "चालू करून बघतो". त्या क्षणी तारेजवळ कोणी असेल तर संपलं.

म्हणून सर्वात महत्त्वाचा कागद म्हणजे उपकेंद्राची लॉगबुक. त्या दिवशी तो फीडर किती वाजता पडला, किती वाजता पुन्हा चालू केला, किती वेळा केला, आणि तार तुटल्याचा पहिला फोन कधी आला. अपघाताची वेळ या नोंदींशेजारी ठेवली की प्रकरण निम्मं उलगडतं.

विद्युत निरीक्षक आणि माहितीचा अधिकार

विद्युत निरीक्षक कंपनीचा माणूस नसतो, तो सरकारचा असतो. वीज कायदा 2003 च्या कलम 161 नुसार अपघाताची सूचना त्याला देणं कंपनीवर बंधनकारक आहे. 2005 च्या नियमांनुसार मृत्यू झाला असेल तर कळल्यापासून 24 तासांत कळवायचं आणि मृत्यू असो वा दुखापत, 48 तासांत ठरलेल्या नमुन्यात लेखी अहवाल द्यायचा. कंपनीने कळवलं असेलच असं धरून बसू नका. जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात तुम्हीही स्वतंत्र अर्ज द्या, पोच घ्या, जागेवर येण्याची विनंती करा. त्यांच्या अहवालात अपघाताचं कारण आणि कुठला सुरक्षा नियम मोडला हे लिहिलेलं असतं, आणि न्यायालय त्याला बरंच वजन देतं.

मग माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपयांचा. उत्तराची मुदत 30 दिवस. मागायचं ते असं: संबंधित फीडरची त्या दिवसाची लॉगबुक, त्या भागातल्या पावसाळापूर्व देखभालीची आणि फांद्या तोडल्याची नोंद, मागच्या दोन वर्षांतल्या तक्रारी, निरीक्षकांचा अहवाल. हवामान खात्याने त्या दिवशी दिलेला इशारा आणि जवळच्या केंद्रावरची वाऱ्याची नोंदही मिळवा.

वाऱ्याची नोंद का, तर "अभूतपूर्व वादळ" हा शब्द तपासायला. इमारतींवर आणि बांधकामांवर येणाऱ्या वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक, आयएस 875 भाग 3, मुंबई आणि नागपूरसाठी मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरतं, पुण्यासाठी 39. म्हणजे ताशी साधारण 158 आणि 140 किलोमीटर. खांबांचे आणि वाहिन्यांचे स्वतःचे वेगळे निकष आहेत, तरी या आकड्यांवरून आपल्याकडे किती वारा अपेक्षित धरला जातो याचा अंदाज येतो. वैशाखातला वळीव दरवर्षी येतो. त्यातल्या ताशी साठ किलोमीटरच्या झोताने खांब आडवा झाला तर प्रश्न वाऱ्याला नाही, खांबाला विचारायचा. 3 जून 2020 ला रायगडच्या किनाऱ्यावर आलेलं निसर्ग चक्रीवादळ खरोखर मोठं होतं, पण त्याचाही इशारा आधी मिळालेला होता. आधी कळलेल्या वादळात फीडर वेळेवर बंद ठेवणं शक्य असतं.

कायदा कोणाच्या बाजूने आहे

मध्य प्रदेशात 23 ऑगस्ट 1997 ला, पावसात सायकलवरून घरी निघालेला एक कामगार रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेने गेला. वीज मंडळाचा बचाव असा की कोणीतरी चोरून तार ओढली होती, आमचा दोष नाही. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. धोकादायक वस्तू बाळगून व्यवसाय करणाऱ्यावर तिच्यापासून झालेल्या इजेची जबाबदारी येतेच, निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी. याला कठोर दायित्व म्हणतात. वकिलाला 2002 चा एससीसी (सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचा संग्रह), खंड 2, पान 162 एवढं सांगा, त्यांना निकाल सापडेल.

पण दुसरी बाजूही ठाऊक असू द्या. कठोर दायित्वातही दैवी आपत्तीचा अपवाद आहे. तो सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो, आणि प्रवाह वेळेत का तुटला नाही याचं उत्तर तिला द्यावंच लागतं. ओडिशाच्या एका प्रकरणात कंपनी म्हणाली, गार्डिंग होतं, पण कडाडून वीज पडली म्हणून तार तुटली. कुटुंब दिवाणी दावा न करता थेट उच्च न्यायालयात रिट, म्हणजे हक्कांसाठीची याचिका, घेऊन गेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये सांगितलं की घटना कशी घडली यावरच वाद असेल तर पुरावा दिवाणी न्यायालयात तपासला पाहिजे. म्हणून निरीक्षकांचा अहवाल स्पष्टपणे तुमच्या बाजूचा असेल तरच रिटचा विचार करा. नाहीतर वर्षं जातात आणि शेवटी "दिवाणी न्यायालयात जा" एवढंच हाती येतं.

नोटीस, मदत आणि सही

कार्यकारी अभियंत्याच्या नावे लेखी मागणी द्या: घटना, वेळ, खांब क्रमांक, झालेलं नुकसान, मागितलेली रक्कम. कंपन्यांकडून सानुग्रह, म्हणजे जबाबदारी न मानता दिलेली, मदत मिळते, ती घ्या. घरात चूल पेटायला हवी. फक्त पावतीवर काय छापलंय ते वाचा. "यापुढे कोणतीही मागणी राहणार नाही" असं वाक्य असेल तर सही करू नका. "पुढील भरपाईचा हक्क राखून स्वीकारले" असं हाताने लिहून मगच करा, आणि त्याचा फोटो ठेवा.

पोलिसांत निष्काळजीपणाचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 किंवा 125 खाली नोंदता येतो. माझं मत स्पष्ट सांगतो: सगळा राग त्या भागातल्या लाइनमनवर काढू नका. अनेकदा तो कंत्राटी असतो, चार गावांना एकटा असतो, आणि तार जुनी झाल्याचं त्यानेच वर कळवलेलं असतं. त्याचा खरा जबाब तुमच्यासाठी त्याच्या अटकेपेक्षा मोलाचा आहे. भरपाईची जबाबदारी कंपनीची आहे, आणि ती फौजदारी खटल्याच्या निकालावर थांबत नाही.

कोणत्या दारात जायचं

ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच बिल, जोडणी आणि पुरवठ्याच्या तक्रारींसाठी आहे. अपघाताच्या भरपाईसाठी तिथे वेळ घालवू नका.

सर्वात आधी स्थायी लोकअदालतीची चौकशी करा. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 22-ब खाली ती चालते, वीजपुरवठा तिच्या कक्षेत येतो, कोर्ट फी नाही, आणि तडजोड झाली नाही तर ती गुणदोषांवर निर्णयही देऊ शकते. प्रकरण कोर्टात दाखल होण्याआधीच इथे यावं लागतं, आणि एकदा अर्ज केला की त्याच वादासाठी मध्येच दुसरीकडे जाता येत नाही. निर्णयावर नेहमीसारखं अपीलही नाही. रक्कम फार मोठी असेल तर वकिलाशी बोलून ठरवा.

दुसरं दार दिवाणी दाव्याचं. मृत्यू असेल तर 1855 च्या जीवघेण्या अपघातांच्या कायद्याखाली, पती किंवा पत्नी, आईवडील आणि मुलांसाठी एकच दावा. भाऊ-बहीण त्यात येत नाहीत. मुदत मृत्यूच्या तारखेपासून 2 वर्षं. जखमींच्या दाव्याला साधारण 3 वर्षं धरतात, पण कायद्याखाली केलेल्या कामांसाठीची 1 वर्षाची मर्यादा कंपनीचे वकील पुढे करू शकतात. वर्षाच्या आत दाखल करा, म्हणजे तो वादच उरत नाही.

गोव्यातल्या वाचकांसाठी: तिथे वीज खातं सरकारचंच आहे, त्यामुळे दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस लागते. ती विसरली तर दावा उंबऱ्यावरच अडतो. आणि शॉक लागलेला माणूस दुरुस्तीला चढलेला कंत्राटी कामगार असेल, तर त्याचा मार्ग कामगार भरपाईचा आहे, तो वेगळा आणि जलद आहे.

किती मागायचं

मोटार अपघातांसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2009 आणि 2017 मध्ये आखून दिलेली गुणक पद्धत, म्हणजे वर्षाच्या कमाईला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणणं, वीज अपघातांतही आधाराला घेतली जाते. समजा 34 वर्षांचा, महिना 15,000 रुपये कमावणारा गवंडी गेला. मागे बायको, दोन मुलं आणि आई. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत म्हणून भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के मिळवायचे: 21,000. अवलंबून चार जण, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा पाव हिस्सा वजा: 15,750. वर्षाचे 1,89,000. या वयाला गुणक 16, म्हणजे 30,24,000 रुपये. त्यावर अंत्यविधी आणि सहवासाच्या हानीची ठरलेली रक्कम. हा हिशेब सानुग्रह मदतीच्या धनादेशाशेजारी ठेवून बघा.

जखमींच्या बाबतीत अपंगत्वाचा टक्का आणि कमाईचं नुकसान एकच नसतं. उजव्या हाताची बोटं गेलेल्या सुताराचं प्रमाणपत्र 30 टक्क्यांचं असेल, पण त्याचा धंदा पूर्ण गेलेला असू शकतो. हे कोर्टाला समजावून सांगावं लागतं, म्हणून तो आधी काय काम करत होता याचे साक्षीदार लागतात. हरियाणातल्या पानिपतमध्ये 2011 मध्ये चार वर्षांच्या मुलाचे दोन्ही हात आणि एक पाय उच्चदाबाच्या तारेने गेले. तिथे वादळ नव्हतं, पण 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचे 60 लाख रुपये कायम केले.

वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि मोठ्या आपत्तीत सापडलेले लोक यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना केसपेपर, पंचनामा, तक्रार क्रमांक, फोटो आणि मृत व्यक्तीच्या कमाईचा जो असेल तो कागद न्या, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स काढून. मूळ कागद घरीच ठेवा, आणि ज्या फोनमध्ये फोटो आहेत तो फोन विकू नका.